डाळिंबाचा डाग आणि सुरीचं म्यान

सांगोल्याची डाळिंबं घरी आली की माझी साध्या पोलादाची सुरी बाहेर निघते. साल चिरून ती तशीच ओट्यावर राहिली, तर थोड्या वेळात पात्यावर निळसर काळा डाग उमटतो. हा डाग म्हणजे जवळजवळ शाईच. डाळिंबाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, भरपूर. त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळं लोह-टॅनेट तयार होतं. जुन्या काळी लिहायची काळी शाई याच रसायनावर बनायची.

आता सुरीचं चामड्याचं म्यान बघा. आपल्याकडे चामडं कमवायला बाभळीची, तरवडाची साल वापरत आले, ती टॅनिनसाठीच. टॅनिन कातड्यातल्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे बांधून ठेवतं, म्हणून चामडं कुजत नाही. पण अशा म्यानात सुरी महिनोन्‌महिने ठेवणं म्हणजे ती डाळिंबात रुतवून ठेवणं, फक्त सावकाश चालणारं. त्यात हे चामडं किंचित आम्लधर्मी आणि हवेतला ओलावा पिणारं. आमचं सोलापूर पर्जन्यछायेतलं, मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे, मग गंज कुठला, असं मलाही वाटायचं. एका पावसाळ्यात सुरी म्यानासकट कपाटात राहिली. खंडेनवमीला पूजेसाठी उपसली तेव्हा धारेलगत, शिवणीच्या रेघेवर तपकिरी ठिपक्यांची रांग होती. बाहेरची हवा उन्हाने कोरडी होते, म्यानाच्या पोटातली होत नाही.

स्टेनलेसलाही पूर्ण अभय नाही. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर पात्याला राखतो. घामातलं मीठ म्यानात साठलं की तो थर जागोजागी फुटतो.

म्हणून घरी आल्यावर सुरी म्यानाबाहेर. पुसा, पूर्ण वाळू द्या, तेलाचा पुसट हात फिरवा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. तेल मात्र करडईचं नको. आपल्या भागात ते घरोघरी असतं, पण हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट, चिकट होत जातं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफीन असं घट्ट होत नाही.

म्यान सैल झालं तर? सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना वळतं आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं. सुरीला तेल लावून प्लॅस्टिकचे दोन वेढे द्या. म्यान कोमट पाण्याने ओलसर करा, सुरी आत घाला आणि मुठीच्या मानेपाशी चामडं अंगठ्यांनी दाबत राहा. मग सुरी काढून म्यान सावलीत दोनेक दिवस वाळवा. कढत पाणी किंवा हीटर नकोच. ओल्या कोलॅजनला जास्त उष्णता लागली की ते आक्रसतं, कडक होतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. म्यानाला तेल पाजू नका, चामडं लिबलिबीत होऊन पकड जाते. वरून मेणाचा हलका थर पुरे.

जमलंय का ते गादीवर तपासा. म्यान उलटं धरून हलकेच हलवा, सुरी निसटता कामा नये. उपसताना बोटं धारेच्या बाजूला कधीच नकोत. त्या बाजूच्या शिवणीत चामड्याची एक पट्टी घातलेली असते, धार दोऱ्याला लागू नये म्हणून. ती पट्टी चिरली असेल, तर सुरी आत घालण्याआधी म्यान शिवायला द्या.