मेमरी कार्ड न सांगता का मरतं, त्याची मागची गोष्ट

गेल्या सीझनला एका लग्नाचे फोटो काढत होतो, शेवटचं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कार्ड एरर. ६४ जीबीचं कार्ड, दोन वर्षं पण झाली नव्हती. काढलं, फुंकर मारली, परत घातलं तर कॅमेरा म्हणतो आत कार्डच नाहीये. आणि गंमत म्हणजे त्याच बॅगेत माझं जुनं ६४ एमबीचं जाडजूड सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड पडून असतं, ते आजही रीडरला लावलं की मुकाट्याने उघडतं. तेव्हापासून हे डोक्यात होतं, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

पहिली कार्डं तर विचारूच नका. १९८८ ला फुजीने डीएस-१पी नावाचा डिजिटल कॅमेरा दाखवला, त्यातल्या कार्डात एसरॅम चिप होती, म्हणजे फोटो टिकायला कार्डाच्या आत बॅटरी लागायची. बॅटरी संपली की फोटो पण गेले. नंतर १९९७ ला सोनीचा डिजिटल माविका कॅमेरा आला त्यात सरळ कॉम्प्युटरची साडेतीन इंची फ्लॉपी जायची!

खरा बदल झाला तो जपानमधल्या तोशिबात. तिथल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ ला फ्लॅश मेमरी, म्हणजे बॅटरीशिवायही फोटो धरून ठेवणारी चिप, जगापुढे मांडली आणि १९८७ ला तिचा नँड प्रकार, आज आपल्या कार्डात असतो तो. नाव सुचवलं त्यांच्या एका सहकाऱ्याने, कारण यात मेमरीचा अख्खा ब्लॉक एका झटक्यात पुसला जातो, तो बघून त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. मासुओकांना याचं म्हणावं तसं श्रेय आणि पैसा मिळाला नाही, पुढे त्यांनी कंपनीवर केस केली आणि २००६ ला ८.७ कोटी येनवर तडजोड झाली. अब्जावधींच्या धंद्यापुढे हे किरकोळच म्हणायचं.

आता कार्ड झिजतं कशाने ते बघा. चिपच्या प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे माहिती साठवायच्या बारीक कप्प्यात, इलेक्ट्रॉन अडकवून ठेवलेले असतात आणि लिहिताना-पुसताना जास्त व्होल्टेज देऊन ते एका अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरातून ढकलावे लागतात, दर वेळी त्या थराला थोडी इजा होते. वहीत एकाच जागी खोडरबर घासत राहिलं की कागद विरतो ना, तसंच. जुन्या एसएलसी चिपमध्ये एका सेलमध्ये एकच बिट, म्हणजे सेल भरलाय की रिकामा एवढंच बघायचं, त्यामुळे तो साधारण १ लाख वेळा लिहा-पुसायला पुरायचा. मग कमी पैशात जास्त जीबी हवेत म्हणून एका सेलमध्ये दोन बिट घातले, नंतर तीन. तीन बिट म्हणजे आठ पातळ्या, भांड्यात पाणी आहे की नाही एवढं बघून आता भागत नाही, आठपैकी नेमक्या कुठल्या खुणेवर आहे ते ओळखायचं. जरा गळती झाली, गाडीच्या डॅशबोर्डवर कार्ड तापलं, की खूण चुकली. अशा तीन बिटवाल्या, म्हणजे टीएलसी सेलचं आयुष्य हजाराच्या आसपास येतं.

मग आपली कार्डं आठवड्यात का मरत नाहीत? कारण आत कंट्रोलर नावाची छोटी चिप बसलेली असते. ती झीज सगळ्या सेलमध्ये वाटून देते, चुका दुरुस्त करते आणि कुठला डेटा कुठे ठेवलाय त्याचा तक्ता सांभाळते. १९९५ च्या स्मार्टमीडिया कार्डात हा कंट्रोलर नव्हताच, सगळं कॅमेऱ्याने बघायचं. ते १२८ एमबीच्या पुढे गेलंच नाही आणि जुन्या कॅमेऱ्यांना मोठी कार्डं ओळखताच यायची नाहीत.

पण या कंट्रोलरमध्येच खरी गोम आहे. १९९४ च्या कॉम्पॅक्टफ्लॅशचा त्रास डोळ्यांना दिसायचा, कॅमेऱ्यात ५० बारीक पिना, कार्ड तिरकं घातलं की एखादी वाकायची, चिमट्याने सरळ करत बसायचं. १९९९ ला पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबाने मिळून एसडी आणलं, ३२ बाय २४ मिलिमीटर, पिना गेल्या. आता मोडतं काय तर बाजूची ती लॉकची पट्टी, आणि ती आतल्या चिपला जोडलेली पण नसते, तिची जागा बघून कॅमेरा किंवा रीडरच ठरवतो की लिहायचं की नाही. बिघाड सगळा आत गेला. फोटो लिहिला जात असताना बॅटरी काढली आणि कंट्रोलरचा तक्ता बिघडला की सेल ठणठणीत असूनही कार्ड मेलं. चुकून डिलीट झालेलं रिकव्हर होतं कारण तिथे फक्त यादीतली नोंद खोडलेली असते, फोटो जागेवरच असतो. कंट्रोलर गेला तर घरच्या सॉफ्टवेअरला कार्ड दिसतच नाही, माझं तेच झालं. पॅकेटवरची लाइफटाइम वॉरंटी कार्डाची असते, फोटोंची नाही.

हजार वेळा म्हणजे किती ते पण बघा. वर्षाला ६० लग्नं आणि प्रत्येकात एक कार्ड एकदा भरलं तर सोळा वर्षं निघतात. तेच कार्ड सीसीटीव्हीत घातलं आणि दिवसातून दोन-अडीच वेळा भरत राहिलं तर वर्षभरातच संपत येतं, म्हणून त्यासाठी हाय एन्ड्युरन्स कार्डं वेगळी मिळतात. म्हणजे आपल्यासारख्यांची कार्डं झिजून क्वचितच जातात, जातात ती अशी अचानक, नाहीतर डुप्लिकेट निघतात, वर ६४ लिहिलेलं आणि आत ८ जीबी.

यावर उपाय कंपन्यांना कधीच कळला होता. कॅननच्या २००४ च्या वन-डी मार्क टू कॅमेऱ्यात सीएफ आणि एसडी असे कार्डांचे दोन स्लॉट होते, म्हणजे फोटो दोन्हीवर ठेवला तर एक कार्ड गेलं तरी दुसरं असतं. तरी २०१८ ला कॅननचा ईओएस आर आणि निकॉनचे झेड ६, झेड ७ एकाच स्लॉटचे निघाले, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी जगभर बोंब मारली आणि २०२० च्या आर ५, आर ६ आणि झेड ६ टू मध्ये दुसरा स्लॉट आला. मी त्या लग्नात एकाच स्लॉटचा कॅमेरा घेऊन उभा होतो. अक्षतांचे फोटो शेवटी नवरीच्या मामाच्या मोबाइलमधून घेतले.