ट्रकचं चाक, त्याची रिंग आणि सोलापूरचा रस्ता

सोलापुरात हैदराबाद रोडला, मार्केट यार्डाच्या आसपास सकाळी थोडा वेळ उभं राहिलं की एक आवाज हमखास कानावर येतो. कांद्याचा ट्रक रिकामा होतो, क्लीनर खाली उतरतो आणि टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, एकेक चाक ठोकत गाडीभोवती फिरतो. भरलेलं चाक टणटणीत वाजतं, हवा उतरलेलं बद्द वाजतं. जोडचाकातलं आतलं चाक धड दिसत नाही, म्हणून ते कानाने तपासायचं. ही रीत जुनी आणि हुशारीची आहे. पण आत शंभर पौंड हवा आहे की पंच्याहत्तर, हे त्या आवाजावरून कळत नाही, आणि टायर खोलणाऱ्याचा जीव बऱ्याचदा त्या पंचवीस पौंडांवर अवलंबून असतो. असं का, हे समजायला ट्रकच्या चाकाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

टायरच्या कडेला, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तारांचं कडं असतं. ते ताणलं जात नाही. कारच्या रिमला मध्ये खोलगट भाग असतो. बीडची एक बाजू त्यात ढकलली की दुसरी बाजू वरून निघते. ट्यूब आणि फ्लॅप घातलेलं जाड नायलॉनचं १०.००-२० टायर असं वाकवता येत नाही. म्हणून ट्रकच्या डिस्कची, म्हणजे टायर ज्यावर बसतं त्या लोखंडी रिमची, एक कडा सुटी करण्यात आली. टायर सरळ आत सरकवायचं, वर रिंग बसवायची, काही डिस्कना आणखी एक लॉक रिंग, आणि हवा भरली की टायरच ती रिंग खाचेत दाबून धरतं. मशीन लागत नाही. दोन पहारी, एक घण आणि उन्हात घाम गाळायची तयारी असली की रस्त्याच्या कडेला काम होतं. ही डिस्क आपल्याकडे इतकी वर्षं टिकली, ती या सोयीमुळे.

या सोयीची किंमत आकड्यांत मांडून पाहू. १०.००-२० टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ४१ इंच आणि आतला २० इंच. म्हणजे साइडवॉलच्या, टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, एका बाजूचं क्षेत्रफळ हजार चौरस इंचांच्या वर जातं. दर चौरस इंचावर १०० पौंड धरले तर एक लाख पौंड, म्हणजे साधारण ४५ टन. हा सगळा भार रिंगवर येत नाही, पण त्यातला मोठा वाटा बीडमार्फत तिच्यावर येतो. रिंग गंजलेली असेल, खाचेत खडा असेल, एका कंपनीची रिंग दुसऱ्याच डिस्कवर चढवली असेल, तर एवढ्या जोराने ती सुटते. आणि सुटते ती चाकाच्या तोंडासमोर, म्हणजे हवा भरणारा जिथे वाकून बसलेला असतो त्याच दिशेने.

सोलापूरला हे चाक मालवाहतुकीबरोबर आलं. १८६० मध्ये इथे रेल्वे पोहोचली, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि गावाचा व्यापार बराच काळ रुळांवरून चालला. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डायम्लर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. टायर देशात आधीपासून बनत होतेच: डनलॉपचा कारखाना बंगालमधल्या साहागंजला १९३६ पासून होता आणि १९५८ मध्ये सिएट सुरू झाली. पुणे–हैदराबाद, विजापूर आणि धुळे या तिन्ही दिशांचे महामार्ग सोलापुरात एकमेकांना भेटतात. त्यांचे जुने क्रमांक ९, १३ आणि २११. आता ते ६५ आणि ५२ झाले आहेत. तीन दिशांच्या गाड्या जिथे थांबतात तिथे टायरवाला येणारच. त्यातले बरेच जण थेट केरळमधून येऊन हायवेच्या कडेला टपरी टाकून बसले.

या टपऱ्यांमधलं शिक्षण उस्तादाच्या हाताखालचं. रिंग उडते हे प्रत्येक उस्तादाला ठाऊक होतं, आणि त्यावर त्यांनी आपापले उपाय शोधले होते. रिंग जमिनीकडे करून चाक पालथं टाकायचं. डिस्कच्या भोकांतून साखळी ओवायची किंवा रिंगवर आडवी पहार अडकवायची. चाक ट्रकच्या चेसिसखाली ढकलून हवा भरायची. या युक्त्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्या धोका पाहिलेल्या माणसांच्या आहेत. पण ४५ टनांच्या हिशोबात पहार म्हणजे काडी. आणि पालथं टाकलेलं चाकच उसळून अंगावर येऊ शकतं.

कायद्याचं लक्षही या कामाकडे फारसं गेलं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात दाबाखाली चालणाऱ्या यंत्रसामग्रीसाठी कलम ३१ होतं, पण वीज वापरणारी जागा कारखाना ठरायला किमान दहा कामगार लागत. टायरच्या टपरीत माणसं दोन, फार तर तीन.

अमेरिकेत हाच प्रश्न सत्तरच्या दशकात ऐरणीवर आला. रिंग उडून मेलेल्यांची संख्या इतकी वाढली की १९८० मध्ये ओशा या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेने अनेक भागांच्या डिस्कसाठी वेगळा नियम काढला. तो वाचताना जाणवतं की त्यातल्या कलमाकलमामागे कुणाचा तरी अपघात उभा आहे. चाक खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवा, आणि तो पिंजरा कमाल दाबाच्या दीडपट दाब सोसणारा हवा. नळीला आपोआप धरून राहणारी क्लिप लावा आणि नळी एवढी लांब ठेवा की माणूस बाजूला उभा राहील. हवा असताना रिंगवर हातोडा मारू नका. तडा गेलेली डिस्क वेल्डिंग करून वापरू नका. आणि ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेलं चाक असेल, तर ते गाडीवरून उतरवण्याआधीच रिकामं करा. कारण हवा कमी असली की रिंग जागेवरून सरकलेली असू शकते. म्हणून मघाचे ते पंचवीस पौंड महत्त्वाचे.

चारच वर्षांनी, १९८४ मध्ये, रिंग नसलेल्या एकसंध डिस्कही या नियमात घेण्यात आल्या. आपल्यासाठी हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, कारण सोलापूरच्या रस्त्यावर आज तोच बदल चालू आहे.

रेडियल, म्हणजे आतले धागे किंवा तारा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या जाणारं टायर. त्याचं पेटंट मिशेलिनने १९४६ मध्ये घेतलं. भारतात रेडियल बनायला १९७७ उजाडलं, आणि ट्रकवाले तरीही नायलॉन सोडेनात: जास्तीचा माल, खड्डे, आणि फाटलेलं नायलॉन ठिगळ लावून पुन्हा चालवता येतं हा अनुभव. २०१० च्या सुमारासही ट्रक-बसच्या टायरमध्ये रेडियल निम्म्याच्या खूप खाली होते. चौपदरी रस्ते झाले तसं ते वाढले, आणि त्यांच्यामागून साडेबावीस इंची ट्यूबलेस आले. यात रिंग नाही, एकच डिस्क. टायरवाले म्हणतात, आता भीती गेली.

भीती गेली नाही, तिची जागा बदलली. ट्रकच्या रेडियलमध्ये साइडवॉलमधून पोलादी तारा जातात. कमी हवेवर किंवा जास्त मालावर टायर धावलं की त्या तारा प्रत्येक फेऱ्याला वाकतात आणि तार वाकवून वाकवून तुटते तशा आतून तुटत जातात. बाहेरून काही दिसेलच असं नाही. पंक्चर काढून पुन्हा हवा भरताना उरलेल्या तारा एकामागून एक सुटतात आणि साइडवॉल झिप उघडावी तशी फाटते. तिथे रिंग खाली करून काय होणार? शिवाय ट्यूबलेसची कडा बसत नाही म्हणून आत पेट्रोल शिंपडून काडी लावणारेही आहेत. ते कृपा करून कुणी करू नये; टायरमध्ये बंद झालेल्या वाफेचा स्फोट केव्हा होईल याचा नेम नसतो.

सोलापूरच्या हवेने यात भर घातली आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि धावत्या टायरची हवा आणखी तापते. २५ अंशांना १०० पौंड भरलेलं टायर ७० अंशांपर्यंत तापलं तर दाब ११७ पौंडांच्या आसपास जातो. हे अपेक्षितच आहे, टायर त्या हिशोबाने बनवलेलं असतं. पण मोडनिंब-मोहोळच्या ढाब्यांवर ‘गरम हवा काढून टाका’ हा सल्ला अजून दिला जातो. पंधरा पौंड सोडले की रात्री थंड झालेल्या टायरमध्ये ८५ च्या आसपासच उरतात, साइडवॉल जास्त वाकतं, जास्त तापतं, आणि तारा तुटायला सुरुवात होते. उसाच्या हंगामातल्या वजनाबद्दल तर बोलायलाच नको. जुलै २०१८ मध्ये सरकारने चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर नेली, तेव्हा टायरमधल्या हवेची चर्चा मात्र कुणी केली नाही.

चाक आवळणाऱ्या नटांची गोष्ट थोडक्यात. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत. ते गेले, पण चाक चढवल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायची गरज गेलेली नाही.

होटगी रोडच्या एका टायरवाल्याकडे मी हल्लीच पिंजरा पाहिला. जाड पाइपचा, भिंतीपासून सुटा. नळी दहा फुटी, टोकाला क्लिप. पंक्चर झालेलं चाक गाडीवरच असताना त्याने व्हॉल्व्हची पिन काढली, फुसकारा थांबेपर्यंत थांबला, आणि मग एक बारीक तार व्हॉल्व्हमधून आत-बाहेर फिरवली. मी विचारलं तर म्हणाला, “कधी कधी आत कचरा अडकतो दादा, आवाज बंद होतो, पण हवा तशीच राहते.”