मागच्या चाकांकडे कोणी बघत का नाही? त्याचं मूळ पद्मिनीत आहे

मुंबईत गाडी एका बाजूला ओढायला लागली की आपण अलाइनमेंटवाल्याकडे जातो, तो पुढची चाकं बघतो, टाय रॉड (पुढच्या चाकांना स्टिअरिंगशी जोडणारी दांडी) फिरवतो, पैसे घेतो, संपलं. मागे कोणी वाकूनही बघत नाही. त्यात त्याची चूक नाही म्हणा, हे शहर फियाटवर वाढलंय! कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी म्हणजे ती फियाटच, तिच्या मागे एकच आडवा रिजिड एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा कडक दांडा) आणि खाली पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्यात टो (चाक पुढून आत किंवा बाहेर वळलेलं असणं) आणि कॅम्बर (चाक उभं न राहता आत किंवा बाहेर कललेलं असणं) सेट करायची सोयच नव्हती. पाटे बसले की बदला, एवढंच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचं वय ऑक्टोबर २०२३ मध्ये भरलं, सवय मात्र राहिली.

स्पोर्ट्स कारचं मागचं गणित तेव्हाही वेगळंच होतं. पोर्शे ३५६ ला स्विंग एक्सल होता, म्हणजे चाक वरखाली झालं की अख्खं तिरकं व्हायचं आणि जोरात वळण घेताना बाहेरचं चाक खाली दुमडू बघायचं. १९६३ ला फ्रँकफर्टच्या शोमध्ये ९११ दाखवली तिला टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आणि सेमी-ट्रेलिंग आर्म (मागचं चाक धरणारा हात) दिला, खूपच सुधारणा, पण हा आर्म तिरक्या बिजागरीवर फिरतो त्यामुळे गाडी खाली बसली की कॅम्बर आणि टो दोन्ही थोडे सरकतात, वर जोडांमधले रबरी बुश, ते दाबले गेले की अजून थोडे. वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागचं चाक टो-आउट व्हायला, म्हणजे बाहेर वळायला बघतं आणि शेपूट बाहेर! इंजिनही मागेच, मग काय विचारता. यावरचा उपाय म्हणून पोर्शेच्याच १९७७ च्या ९२८ ला वायसाख एक्सल आला, वेग कमी होताना चाक मुद्दाम जरासं आत वळवणारा. ९११ ला मागे मल्टिलिंक (चाकाला अनेक दांड्यांनी धरणारी रचना) मिळायला मात्र तिची ९९३ ही पिढी उजाडावी लागली, तीही १९९३ ला.

म्हणून जुनी टॉर्शन बारवाली ९११ असेल तर थेट अलाइनमेंट मशीनवर चढवू नका. आधी चारही कोपऱ्यांची उंची मोजा, बार थकून मागची बाजू खाली बसली असेल तर कॅम्बर निगेटिव्ह होतो आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. टायरवरून हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं आणि पुढचं सगळं ठीक आहे? मग बहुतेक मागची दोन्ही चाकं मिळून एका बाजूला बघतायत, गाडी खेकड्यासारखी चालतेय, अशात नुसता पुढचा टाय रॉड फिरवला तर स्टिअरिंग सरळ दिसेल पण खेकडा तसाच. बुश पहारीने हलवून बघा, ढिले असतील तर आज सेट केलेला टो पुढच्या खड्ड्यात गेलाच समजा, आणि पावसाळ्यात आपल्याकडे पुढचा खड्डा फार लांब नसतो. टो-कॅम्बरचे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवले की जोड जरासा सरकवणारे) स्प्रिंग प्लेट (टॉर्शन बारला आर्मशी जोडणारी पट्टी) आणि आर्मच्या जोडावर असतात, मुंबईच्या खाऱ्या हवेत ते गंजून जाम झालेले असतात, तेव्हा आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा.