गिरमिट आणि गुलामी: व्हर्जिनियातला फरक कुठे होता?

‘अमेरिकेत आधी गोरेही गुलाम होते’ असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. घोटाळा होण्यासारखंच आहे म्हणा. १७व्या शतकात व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीत तंबाखूच्या मळ्यात इंग्रज करारी नोकर आणि आफ्रिकेतून आणलेला माणूस एकाच वाफ्यात राबत. दोघांनाही फटके पडत, मालकाला न विचारता लग्न करता येत नसे. उरलेल्या मुदतीपुरता नोकरसुद्धा दुसऱ्याला विकला जाई.

पण नोकराकडे कागद होता. जहाजाचं भाडं परवडत नाही म्हणून बहुधा चार ते सात वर्षं राबण्याचा करार, म्हणजेच गिरमिट. कागद नागमोडी कापून दोघांनी एकेक तुकडा ठेवायचा. वाद झालाच तर कडा जुळवून बघायच्या. (रत्नागिरीकडची माणसं १९व्या शतकात मॉरिशसला गेली ती याच जातीच्या करारावर.) मुदत भरेपर्यंत पुष्कळजण जगलेच नाहीत, ते वेगळं.

१६४० मध्ये तीन नोकर मालकाकडून पळाले आणि शेजारच्या मेरीलँड वसाहतीत सापडले. फटके तिघांनाही. शिवाय व्हिक्टर हा डच आणि जेम्स ग्रेगरी हा स्कॉट, यांची मुदत चार वर्षांनी वाढली. तिसरा जॉन पंच, काळा. त्याला जन्मभर चाकरी. गुन्हा तोच, कोर्ट तेच.

माझ्या मते मात्र खरी गंमत करवसुलीत आहे. व्हर्जिनियातला मुख्य कर डोईपट्टी, तीही तंबाखूत भरायची. सोळा वर्षांवरचे पुरुष धरले जात, बायका नाहीत. १६४३ मध्ये आफ्रिकन बायकाही यादीत आल्या. इंग्रज बाई घरातली, आफ्रिकन बाई शेतातली, हे सरकारने गृहीतच धरलं. १६६२ मध्ये शेतात राबणाऱ्या इंग्रज मोलकरणींवरही पट्टी बसली, पण ती कामावर. काळ्या बाईची पट्टी रंगावर: ती स्वतंत्र असली तरी सुटका नाही, असं १६६८ मध्ये कायद्यानेच सांगितलं.

अँथनी जॉन्सन हा चाकरीच्या बंधनातून सुटलेला आफ्रिकन. १६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर जमीन होती. पुढे आगीत नुकसान झालं, तेव्हा कोर्टाने त्याची बायको मेरी आणि दोन मुली यांची पट्टी माफ केली. शेजारच्या इंग्रज शेतकऱ्याच्या घरच्या बायकांवर ती मुळात नव्हतीच.

१६६२ मध्येच ठरलं की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूलही. करारी नोकराची पोरं अशी जन्मतः बांधलेली नसत. १७०५ च्या कायद्यात नोकर आणि गुलाम दोघांच्या तरतुदी एकत्रच आहेत. मुदत संपलेल्या पुरुष नोकराला दहा बुशेल (धान्याचं इंग्रजी माप) मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक द्यावी. ख्रिस्ती गोऱ्या नोकराला उघडं करून फटके मारायचे तर न्यायाधीशाचा हुकूम हवा. आणि प्रतिकार करणारा गुलाम शिक्षा देताना मेला, तर तो मालकाचा गुन्हा धरू नये.