अपग्रेडनंतर वायफाय गेलं म्हणजे कार्ड जळलं?

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘विंडोज अपग्रेड केल्यावर लॅपटॉपचं वायफाय कार्ड जळतं, नवीनच घ्यावं लागतं.’

अपग्रेड आणि बिघाड पाठोपाठ येतात, म्हणून असं वाटणं साहजिक आहे. पण अपग्रेडमध्ये बदलतं ते सॉफ्टवेअर. कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. जुना ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी जुळला नाही की वायफाय बंद.

पडताळायचं कसं? आधी एअरप्लेन मोड बघा (हसू नका, माझा तोच चालू होता!). मग शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करा. साध्या शट डाउनमध्ये बरेचदा विंडोज पूर्ण बंद होत नाही. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी) ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ उघडा. कार्डाचं नाव दिसतंय, शेजारी पिवळा त्रिकोण आहे? मग बहुधा ड्रायव्हरचीच भानगड. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’चं (आधीच्या ड्रायव्हरवर परत जायचं) बटण चालू दिसलं तर तेही दाबून बघा.

नावच दिसत नसेल, पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवूनही कार्ड सापडत नसेल, तर मात्र दुकान गाठा.