नखं कापताना घर डोक्यावर घेणारं मूल
पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे ऑक्युपेशनल थेरपीसाठी, म्हणजे मुलाला रोजची कामं जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांसाठी, येणारे पालक बहुतेकदा असंच काहीतरी म्हणतात: "बाकी सगळं ठीक आहे हो, पण नखं कापायची म्हटली की घर डोक्यावर घेतो." कधी नखांऐवजी केस असतात, कधी मोज्याची बोटांवर येणारी शिवण, तर कधी मिक्सरचा आवाज. लाडावलंय, असं आजूबाजूचे म्हणतात. लाडाशी याचा संबंध क्वचितच असतो, असं आमचं मत आहे. बहुतेकदा अडचण असते ती स्पर्श, आवाज अशा संवेदना मेंदूने हाताळण्याची.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकतो, पण शरीराचं तेवढ्यावर भागत नाही. दोन्ही कानांच्या आत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव हलला की डोकं कुठे वळलं ते मेंदूला कळतं. हात कुठे आहे, जोर किती लागतोय, हे स्नायू आणि सांधे सांगतात, म्हणून तर न बघता बटण लावता येतं. भूक, तहान, लघवीला लागणं या खबरा आतून येतात.

मेंदू हे सगळं चाळत असतो. काही मुलांच्या चाळणीतून नको तेवढं खाली येतं. मग शर्टाचं लेबल टोचतं, टाळ्या कानात घुसतात. काहींच्या चाळणीतून फारच थोडं येतं. ती मुलं सोफ्यावरून उड्या मारतात, मुद्दाम भिंतीला धडकतात, पेन्सिल इतकी दाबतात की टोक तुटतं. एकाच मुलात दोन्ही दिसू शकतं, आणि पालक गोंधळतात ते इथेच.

मग हा हट्ट नव्हे हे ओळखायचं कसं? पक्का नियम नाही. पण हट्ट करणारं मूल मधूनच डोळा किलकिला करून बघतं, कुणाचं लक्ष आहे का. भांबावलेल्या मुलाला मागितलेली वस्तू दिली तरी ते लगेच शांत होत नाही.

अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी या विषयाची मांडणी केली आणि १९७२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तरीही २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानसूचीत 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' (संवेदना हाताळण्यातला विकार) असं स्वतंत्र निदान नाही. संवेदनांना कमी-जास्त प्रतिसाद देणं हे तिथे ऑटिझमच्या लक्षणांत येतं, पण अशी अडचण असलेल्या प्रत्येक मुलाला ऑटिझम असतोच असं नाही. म्हणून आम्ही मुलावर शिक्का मारत नाही. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान आणि डोळे तपासून घ्या.

आमच्या उपचारांच्या खोलीत बघणाऱ्याला नुसता खेळ दिसतो. पहिल्या दिवशी मूल झोक्यावर बसतही नाही. एका बोटाने तो ढकलतं आणि दोन पावलं मागे सरतं. आम्ही त्याला उचलून बसवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते पोटावर आडवं पडतं, पाय मात्र जमिनीला टेकवून. झोका हे निमित्त. ध्येय घरातलं असतं, जसं की 'मोजे स्वतः घालणं', आणि ते आम्ही तुमच्याबरोबर ठरवून लिहून ठेवतो. ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही तर पद्धत बदलतो किंवा थांबतो. या उपचारांबद्दलचे पुरावे अजून मर्यादित आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. अंगावर दाब यावा म्हणून घालायच्या वजनाच्या जाकिटांचे पुरावे तर आणखी कमकुवत आहेत, तेव्हा विकत घेण्याआधी आम्हाला विचारा.

नखांसाठी आजच करून बघा. आंघोळीनंतर नखं मऊ असतात. कापण्याआधी एकेक बोट घट्ट दाबा. हलका स्पर्श अशा मुलांना जास्त खुपतो. कुठलं बोट आधी ते त्याला ठरवू द्या. दोन बोटं झाली की त्या दिवसापुरतं पुरे. झोपेत कापता? सुरुवातीला आमची हरकत नाही.

पहिल्या भेटीला आठवडाभराची वही आणा: काय झालं, कधी झालं, त्याआधी काय चाललं होतं आणि ते शांत कशाने झालं. मुलाला नवे कपडे घालू नका, त्याचा आवडता जुना शर्टच असू द्या.