पहिल्या वर्षात एवढी नाणी कशाला?

दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, थोडक्यात ए.ए. तिच्या मीटिंगमध्ये एक दिवस न प्यायलेल्या माणसालाही टाळ्या मिळतात. अनेक गटांत पुढे तीस, साठ, नव्वद दिवसांची, मग सहा आणि नऊ महिन्यांची नाणी देतात. वर्ष भरलं की ‘वाढदिवस’. त्यानंतर मात्र वर्षातून एकदाच.

सुरुवातीला इतकी दाटी का, याचं उत्तर शरीरात आहे. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीवर मात करायला स्वतःला सतत चेतवून ठेवतो. दारू थांबते, चेतना थांबत नाही. काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या एक-दोन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. (म्हणून जुन्या पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम सोडू नये.) पहिल्या चोवीस तासांच्या टाळ्या उगाच नाहीत! पुढेही शरीर टप्प्याटप्प्याने सावरतं. दारूमुळे रक्तात वाढलेलं जीजीटी, म्हणजे लिव्हरवरचा ताण दाखवणारं एन्झाइम, साधारण महिना-दीड महिन्यात उतरतं. दारूने फुगलेल्या तांबड्या पेशी जाऊन नव्या यायला तीन-चार महिने लागतात, कारण एक पेशी सुमारे 120 दिवस जगते.

दुसरं कारण मनाचं. व्यसनात उद्याचा मोठा फायदा आजच्या छोट्या सुखापुढे फारच फिका पडतो. ‘दहा वर्षांनी लिव्हर शाबूत राहील’ याने संध्याकाळ निभावत नाही; गुरुवारी सगळ्यांसमोर मिळणाऱ्या नाण्याने निभावू शकते. अमेरिकेत ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या सिस्टर इग्नेशिया घरी निघालेल्या रुग्णाला एक धार्मिक पदक देत, आणि प्यायचंच ठरलं तर आधी ते परत आणून द्यायला सांगत. मला ही युक्ती नाण्यापेक्षाही हुशार वाटते, कारण तलफ बहुधा तेवढ्या वेळात ओसरते.

अशा गटांचा उपयोग होतो का? कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासते; तिच्या 2020च्या आढाव्यात 27 अभ्यास तपासले गेले. ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारांनी वर्षभर पूर्ण दारूमुक्त राहण्याचं प्रमाण इतर उपचारांपेक्षा जास्त निघालं. अर्थात, ते श्रेय एकट्या नाण्याचं नव्हे.

मोजणीची एक बाजू मला खटकते. 200 दिवसांनी एक पेग घेतला, की आकडा शून्य. ‘आता गेलंच सगळं, मग बाटलीच संपवू’ हा विचार मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी नेमका टिपला होता: एका घसरणीपेक्षा तिच्यामागून येणारी अपराधी भावना जास्त पाजते. त्यामुळे ‘स्लिप’ झालेला माणूस पुढच्याच मीटिंगला आला, तर त्याला चोवीस तासांचं नाणं देताना मागच्या 200 दिवसांचा उल्लेखही जरूर करावा.